फक्त चालू करून द्यायचो

"सिगारेट, विडी, काही ओढता का?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

माझ्या शेजारी बसलेली बायको, सुमन, हिचं एवढ्यावर समाधान झालं नाही. ती पदर सावरून पुढं सरकली आणि म्हणाली, "त्यासले सुपारीनं बी येसन नही, मॅडम. गावमा कोणले बी इचारा." आणि तिनं माझ्याकडं अशा कौतुकानं पाहिलं, की मी छाती पुढं काढली. ती छाती दुखत होती म्हणून आम्ही चिंचपाड्याच्या दवाखान्यात आलो होतो, हे मी त्या क्षणी विसरलोच.

मॅडमनी माझ्याकडून एका नळीत जोरात फुंकर मारून घेतली. या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. छातीत किती हवा मावते आणि ती किती वेगानं बाहेर येते, हे मशीन सांगतं. माझी हवा बाहेर यायला तयारच नव्हती. नळी तोंडात धरून मी लाल झालो, डोळ्यांत पाणी आलं, आणि कागदावर उमटलेली रेघ मात्र निजल्यासारखी आडवी पडली.

"काका, तुम्हाला सीओपीडी आहे," मॅडम म्हणाल्या. "क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज. श्वासाच्या नळ्या सुजून अरुंद होतात, आणि फुप्फुसातले हवेचे छोटे फुगे फाटत जातात. फाटलेले परत जोडता येत नाहीत. पण पुढचं नुकसान थांबवता येतं. हे बहुतेक धुरानंच होतं. तुम्ही ओढत नाही म्हणता, मग धूर येतो कुठून? घरी चूल आहे?"

सुमनचा चेहरा पडला. "शे," ती म्हणाली. "ग्यास बी शे. पन ग्यासनी भाकर त्यासले रुचस नही."

"चुलीच्या धुरानंही होतं हे," मॅडम म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नाही. मी जे सांगितलं, त्यावरून एवढंच निघत होतं.

आता माझी ओळख देतो. माझं नाव भटू. विसरवाडीला हायवेवर माझी चहाची टपरी आहे. कोंडाईबारीचा घाट उतरून सुरतेकडं जाणाऱ्या गाड्या आमच्याकडं दम खायला थांबतात. चहा, भजी, बिस्कीट, तंबाखूच्या पुड्या, विडी, सिगारेट, सगळं ठेवायचो. स्वतः मात्र तंबाखू, विडी, सिगारेट काही घेत नव्हतो. निदान माझी तशी समजूत होती आणि गावाची तर खात्रीच होती. शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झाला तेव्हा मला स्टेजवर बोलावून नारळ आणि शाल दिली. पाहुणे माइकवर म्हणाले, "हा माणूस दिवसभर सिगारेट विकतो, पण ओठाला लावत नाही." टाळ्या पडल्या. मी हात जोडले. आज हे लिहिताना कानाच्या पाळ्या गरम होतात.

कारण मी दिवसभर सिगारेट ओठालाच लावत होतो.

हायवेवरचा धंदा ज्यानं केला नाही त्याला हे समजावून सांगावं लागेल. मोठी गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. ड्रायव्हर खाली उतरत नाही, इंजिनही बंद करत नाही. वरूनच ओरडतो, "भटू, एक चाय, और एक चालू करके दे." चालू करके दे म्हणजे पेटवून दे. रस्त्यावर वारा एवढा की काडी टिकत नाही, पावसाळ्यात तर सगळंच सादळलेलं. म्हणून टपरीच्या आडोशाला मी सिगारेट ओठात धरायचो, टांगलेल्या जळत्या काथ्याला टेकवायचो, एक झुरका मारून ती नीट धरली की नाही बघायचो, आणि चहाच्या ग्लासाबरोबर वर द्यायचो. ओळखीच्या ड्रायव्हरांना याचं काही वाटायचं नाही. आमच्याकडं एक विडी चौघांत फिरते, तिथं उष्ट्याचा विचार कोण करतो? करोनानंतर काही जण नको म्हणायला लागले, पण बाकीचे होतेच. विसरवाडीत टपऱ्या पुष्कळ. गाड्या माझ्याकडं जास्त थांबायच्या त्या या सोयीमुळं.

आणि हे मी ओढण्यात कधी धरलंच नाही. ओढणं म्हणजे स्वतःसाठी पेटवणं आणि चटका बसेपर्यंत संपवणं, असा माझा हिशेब. भाजीचं मीठ चाखून पाहणारी बाई जेवली असं कोणी म्हणतं का? लहानपणी वडिलांची विडी चुलीवर पेटवून आणायचं काम माझंच होतं. अंगणातून त्यांनी हाक मारली की मी चुलीतल्या निखाऱ्याला विडी लावायचो आणि विझू नये म्हणून ओढत ओढत त्यांच्यापर्यंत न्यायचो. त्याबद्दल कोणी कधी रागावलं नाही. ते वडिलांचं काम होतं. तसंच हे गिऱ्हाइकाचं काम. उपासाच्या दिवशीसुद्धा मी सिगारेटी पेटवून द्यायचो आणि उपास मोडला असं मनातही यायचं नाही.

त्यामुळं त्या दिवशी डॉक्टरांना "नाही" म्हणालो तेव्हा मी खोटं बोलतोय असं मला खरंच वाटलं नव्हतं. एवढीच माझी बाजू, आणि ती इथंच संपते.

दवाखान्यातून घरी आलो तर सुमन चहासुद्धा न घेता चुलीपुढं जाऊन बसली. आमच्याकडं मांडलेली चूल कोणी तोडत नाही. भाऊ वेगळे निघाले किंवा घर बसलं तरच चूल मोडतात. एरवी मोडली तर अपशकुन मानतात. ही चूल तिनं स्वतःच्या हातानं माती मळून घातली होती, दर सणाला सारवायची. तिनं तिला हळदकुंकू वाहिलं, तांदूळ टाकले, नमस्कार केला. मग पहार घेऊन आली.

"ऱ्हाऊ दे ना," मी म्हणालो. "नुसती पेटवू नको म्हणजे झालं."

"मन्हा हातनी बनाडी व्हती, मन्हाच हातनी तोडस," ती म्हणाली. "माले काय मालूम, मी तुम्हले भाकरसंगे धूर खावाडी ऱ्हायनू ते." आणि तिनं पहार घातली. माती फुटत होती तशी ती रडत होती. मी खाटेवर बसून बघत होतो. तेव्हा तरी माझ्या डोक्यात काही यावं की नाही? मी विचार काय केला, तर बाईमाणूस फार मनाला लावून घेतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरी उघडली. मॅडमनी दिलेला पंप, म्हणजे इनहेलर, खिशात होता. औषधाचा फवारा थेट श्वासनळीत जातो, नळ्या थोड्या मोकळ्या होतात. मी पंप मारला, दहापर्यंत श्वास रोखून धरला, चूळ भरली आणि पहिल्या गाडीची सिगारेट चालू करून दिली.

पावसाळा लागेपर्यंत असंच चाललं. दम थोडा कमी झाला होता, पण नवीनच एक लचांड सुरू झालं. टपरीपासून हापशापर्यंत गेलं की उजव्या पोटरीत गोळा यायचा. उभं राहिलं की थांबायचा, चाललं की परत. मी म्हटलं, वय झालं. मग चपलेच्या पट्ट्यानं करंगळीजवळ फोड आला. एवढासा फोड, हळद लावली, तंबाखू लावली, एका ड्रायव्हरनं दिलेलं मलम लावलं. तो बरा व्हायचं नाव घेईना. करंगळी आधी लाल झाली, मग निळी, आणि एके दिवशी काळी दिसायला लागली. दुखणं असं की पांघरूण लागलं तरी मी ओरडायचो.

परत चिंचपाडा. मॅडमनी माझ्या पावलावर बोटं ठेवून नाडी शोधली. बराच वेळ शोधली. मग सुरतला जायची चिठ्ठी दिली.

सुरतला डॉप्लर केलं. पायावर थंड जेल लावून मशीन फिरवतात आणि रक्त कुठं वाहतं, कुठं अडतं ते ऐकतात. हो, ऐकू येतं. डाव्या पायाचं रक्त धपधप वाजत होतं. उजव्या पायाचं गुडघ्याखाली जाऊन जवळजवळ गप्प झालं. रिपोर्ट आला पेरिफेरल आर्टरी डिसीज. पायाला रक्त नेणाऱ्या धमन्या आतून अरुंद झाल्यात. तिथल्या डॉक्टरांनीही विचारलं, "बीडी सिगरेट?" मी म्हणालो, "नहीं साहब." सुमन माझ्या मागं पिशवी धरून उभी होती. तिनं साहेबांना चुलीचं सांगितलं. तोडली म्हणूनही सांगितलं. साहेबांनी मान हलवली आणि शुगर तपासायला सांगितली. शुगर नव्हती. तेव्हा त्यांनी आणखी चार तपासण्या लिहून दिल्या. कारण सापडल्याशिवाय पुढं काय करायचं ते ठरवता येईना.

त्या तपासण्या करून आम्ही मॅडमकडं गेलो. त्यांनी सगळे कागद पाहिले, बाजूला ठेवले आणि माझा हात हातात घेतला. मला वाटलं, नाडी बघतात. त्या माझी बोटं बघत होत्या. पहिली दोन बोटं, नखापासून पेरापर्यंत, जुन्या चहाच्या डागासारखी पिवळी.

"काका, हे काय?"

"धंद्याचं आहे," मी म्हणालो.

"म्हणजे?"

मग मी सांगितलं. अगदी सहज सांगितलं. गाड्या थांबतात, वारा असतो, चालू करून द्यावी लागते. त्यात काय एवढं? मॅडम ऐकत राहिल्या. मग त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.

"कशी चालू करता ते दाखवा बरं. ही सिगारेट समजा."

खोलीत एक नर्स होती. दारात पुढचे पेशंट उभे होते. सुमन माझ्या खुर्चीला टेकून होती. मी हसत हसत पेन ओठात धरलं, समोर काथ्या आहे असं समजून मान वाकडी केली, गाल आत ओढले आणि झुरका घेतला. हात आपोआप पेन पुढं करून थांबला, वर गाडीत कोणाला तरी द्यावं तसा. आणि तेव्हा माझं मलाच कळलं. माझे डोळे मिटले होते. छाती भरून वर आली होती. ज्या छातीनं मशीनमध्ये धड फुंकर मारली नव्हती, तीच छाती नुसत्या पेनावर तळापर्यंत श्वास ओढून घेत होती. तो धूर मी नुसता तोंडात धरून सोडत नव्हतो. आत घेत होतो, थांबवत होतो, मजेनं सोडत होतो.

कोणी हसलं नाही. नर्सनं दुसरीकडं पाहिलं. खुर्चीवरचा सुमनचा हात निघून गेला.

"दिवसभरात किती गाड्या?" मॅडमनी विचारलं.

मी बोटांवर मोजायला लागलो आणि बोटं पुरली नाहीत.

पुढं मॅडमनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून एक अस्तर असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात. घराला आतून गिलावा असतो तसं, फक्त हे अस्तर जिवंत पेशींचं असतं आणि फार पातळ. रक्त कुठं वाढवायचं, कुठं कमी करायचं, नळी कधी फुगवायची, हे त्या पेशी ठरवतात. सिगारेटचा धूर फुप्फुसात गेला की त्यातलं विष रक्तात मिसळतं आणि अंगभर फिरून या पेशींना जाळत राहतं. पेशी सुजतात, मरतात, अस्तर खरबरीत होतं. त्या खरबरीत जागी थर बसतो आणि नळी अरुंद होते. माझ्या पायात हेच झालं.

आणि छातीत? फुप्फुसातल्या हवेच्या फुग्यांभोवती केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. त्या वाहिन्यांच्या पेशी मेल्या की फुग्याची भिंतही टिकत नाही. चार छोटे फुगे फाटून एक मोठा, ढिला फुगा होतो. याला एम्फायसेमा म्हणतात. त्यात हवा अडकून बसते. "म्हणजे पाय आणि छाती हे दोन आजार नाहीत, काका," मॅडम म्हणाल्या. "आग एकच आहे."

"आणि पहिला झुरका, पूर्ण सिगारेट, हा फरक तुमच्या पेशींना कळत नाही. पाय वाचवायचा असेल तर आजपासून एकही नाही."

मग त्या सुमनकडं वळल्या. तिलाही नळीत फुंकर मारायला लावली. तिची रेघ झकास वर गेली. "चुलीचा धूर वाईटच," मॅडम तिला म्हणाल्या. "चूल काढलीत ते बरंच केलं. पण चुलीपुढं तुम्ही बसत होतात ना? तुमची छाती चांगली आहे. हे चुलीचं नाही, मावशी." एसटीत सुमननं मला खिडकीकडची जागा दिली आणि विसरवाडी येईपर्यंत समोरच्या सीटकडं बघत राहिली.

सुरतला माझ्या धमनीत तार घालून, फुगा फुगवून अरुंद जागा मोकळी केली. याला अँजिओप्लास्टी म्हणतात. पावलाला रक्त आलं. करंगळी मात्र गेली होती, ती कापावी लागली. पाय राहिला.

वॉर्डातले ते दिवस मी कोणाला सांगत नाही, पण इथं सांगतो, कारण कोणीतरी त्यातून जात असेल. मी "न ओढणारा" माणूस सिगारेटवाचून वेडापिसा झालो. नर्सवर ओरडायचो, डाळ गार आहे म्हणून ताट ढकललं. एक ओळखीचा ड्रायव्हर गाडी लावून भेटायला आला. त्याच्या शर्टाला वास होता. मी त्याला म्हटलं, जवळ बस, ऐकू येत नाही. तो जवळ सरकला. मी बोलता बोलता त्याच्या बाहीचा वास घेत होतो. त्यानं ओळखलं बहुतेक. उठताना म्हणाला, "भटू, तू तो पीता नहीं था ना?" मी भिंतीकडं तोंड केलं.

ती तलफ जायला वेळ लागला, पण गेली. मॅडमनी निकोटिनचं च्युइंगम लिहून दिलं, वॉर्डातली एक नर्स ते मोजून द्यायची, त्याचा उपयोग झाला. हे औषध असतं, त्याची लाज वाटून घेऊ नका. माझी लाज त्याच्याबद्दल नव्हतीच.

घरी आलो तर भेटायला माणसांची रीघ. प्रत्येकाचं एकच पालुपद. देवाघरी न्याय नाही, सुपारी न खाणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावं! आणि सुमन प्रत्येकाला चहा देत सांगायची, "चूलना धूरमुये व्हयनं." सगळं माहीत असून सांगायची. शाल आणि नारळवाल्या नवऱ्याचं नाव राखायला तिनं माझा आजार स्वतःच्या माथ्यावर घेतला होता. आणि मी? पाय उशीवर ठेवून खाटेवर आडवा, मान हलवत. पहिल्या माणसापुढं वाटलं, हा गेला की सांगू. दुसऱ्यापुढं वाटलं, परका आहे. तिसऱ्यापासून मी विचार करायचंच सोडलं. बायका निघताना मोडलेल्या चुलीच्या जागेकडं बघायच्या, मग सुमनकडं बघायच्या आणि बाहेर जाऊन कुजबुजायच्या. खाटेवरून मला ते ऐकू यायचं. हे सगळं आजारपणात मोडतं की नाही माहीत नाही, पण कापलेल्या करंगळीपेक्षा मला याचीच लाज वाटते.

मग माझी मोठी बहीण आली. आक्का. तिच्या तोंडाला सगळा गाव भितो. तिनं माझा पाय पाहिला आणि हंबरडा फोडला. मग सुमनकडं वळली.

"तुन्हा चूलना धूरनी मन्हा भाऊनी छाती जाळी टाकी. पाय बी लिधा. आते काय लेशी त्याना?"

सुमन खाली मान घालून उभी होती. हातात चहाचा कप. तिनं "हो" म्हणायला तोंड उघडलं, हे मी पाहिलं. तेवढं मात्र मला सोसलं नाही.

"आक्का, तिनी चूलनं नाव लेऊ नको," मी म्हणालो. "सिगारेट मी ओढी. रोज ओढी. गाड्यासले चालू करी देवाना नावखाल मीच ओढी."

"काय बोली ऱ्हायना तू?" आक्का म्हणाली. दारात शेजारच्या दोघी-तिघी होत्या. त्यांनाही ऐकू जावं म्हणून मी परत म्हणालो, मोठ्यानं. पेनाचंही सांगितलं. डोळे मिटले होते तेही सांगितलं. आक्का चहा न घेताच बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

हे वाचणारे तुम्ही एखाद्या दवाखान्यात बाकड्यावर बसून नंबरची वाट बघत असाल, तर एवढंच सांगतो. डॉक्टर विचारतील तेव्हा "ओढतो" किंवा "ओढत नाही" असं तोलून बोलू नका. धूर कुठून कुठून आत जातो ते सगळं सांगा. दुसऱ्याची पेटवून देता, बिछान्याला खिळलेल्या बापाची पेटवून त्याच्या ओठाला धरता, चाखून बघता, मित्राची एक ओढून परत देता, तेही सांगा. मी वेळेवर सांगितलं असतं तर करंगळी राहिली असती, असं मॅडम म्हणाल्या नाहीत. पण मी विचारलं तेव्हा त्यांनी नाहीही म्हटलं नाही.

टपरी आहे. चहा आहे, भजी आहेत. सिगारेट ठेवत नाही. यात मोठेपणा काही नाही, पाकीट समोर असलं तर माझा हात जाईल. काही गाड्या आता थांबत नाहीत. शाळेनं पुढच्या कार्यक्रमाला बोलावलं, तेव्हा मी निरोप पाठवला की येतो, पण शाल परत घ्यायची असेल तर. छातीचे फाटलेले फुगे जोडले जाणार नाहीत. पंप रोज आहे. हापशापर्यंत मात्र आता न थांबता जातो. मॅडमचे, सुरतच्या डॉक्टरांचे, च्युइंगम मोजून देणाऱ्या त्या नर्सचे उपकार आहेत, आणि ते फिटायचे नाहीत.

सुमनचं मात्र उपकारांत मावत नाही. त्या दिवशी आक्का बाहेर गेल्यावर ती खाटेच्या कडेला येऊन बसली. हातातला कप तिनं माझ्याकडं दिला नाही, स्वतःच प्यायली. किती दिवसांनी ती बसून चहा पीत होती. कप खाली ठेवून तिनं माझ्याकडं पाहिलं.

"हाई बोलाले तुम्हले इतला दिन काबर लागनात?"

दम लागतो म्हणून, असं सांगता आलं असतं. पण त्या दिवशी माझा श्वास अगदी नीट चालला होता.